अंबाळ्याहून गडमंदिर: चढा पायी, उतरा गाडीने

आधी प्रश्न सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एका ताईंना नागपूरहून अर्ध्या दिवसात होईल असं, वरून तलाव दिसेल असं, छोटं आणि सोपं चालणं पाहिजे. सोबत आई (६७, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत), बाबा (७१, शुगर आहे, चार वर्षांआधी स्टेंट बसवला), नवरा आणि सात वर्षांची पोरगी. त्यांचा प्लॅन असा की रामटेकला गाडी थेट गडावर न्यायची, रामाचं दर्शन घ्यायचं, वरून अंबाळा तलाव बघायचा आणि मग अंबाळ्याकडच्या पायऱ्यांनी सगळ्यांनी आरामात पायी खाली यायचं. त्यांचंच वाक्य आहे, "उतरायचंच तर आहे, सोपंच असेल ना?"

ताई, जागा एकदम बरोबर निवडली तुम्ही, फक्त दिशा उलटी निवडली. आणि यात तुमची काही चूक नाही, दर हिवाळ्यात दहातले आठ लोक हाच प्लॅन घेऊन माझ्याकडे येतात.

मी गेली बावीस वर्षं रविवारी लोकांना फिरवतो, त्यात जास्ती करून रिटायर झालेली मंडळी आणि शाळेतले पोट्टे. ट्रेकिंगवाले जवान लोक माझ्याकडे येतच नाहीत, त्यांना कळसूबाई पाहिजे असतं. त्यामुळे दीड-दोन किलोमीटरचं चालणं हाच माझा धंदा समजा आणि त्यातलं माझं एकच म्हणणं आहे, किलोमीटर विचारू नका. पायाखाली काय आहे, किती वाजता आहे आणि चढ आहे की उतार, हे तीन विचारा. अंबाळ्यापासून गडापर्यंतचं अंतर आमच्या ज्येष्ठ ग्रुपला बसत-उठत पाऊण ते एक तास लागतं, म्हणजे काहीच नाही म्हणा ना, पण तेच अंतर खाली यायला लावलं तर दुसऱ्या दिवशी फोन येतात, दादा जिना उतरता येत नाही, संडासात बसता येत नाही वगैरे.

त्याचं कारण असं आहे की चढताना काम पडतं दमाला, उतरताना काम पडतं गुडघ्याला. वर जाताना मांडीचा स्नायू आकसून तुम्हाला उचलतो, त्यात धाप लागते, घाम येतो, माणूस आपोआप थांबतो, म्हणजे शरीर स्वतःच ब्रेक लावतं. खाली येताना उलटं, तोच स्नायू ताणला जात जात शरीराचं सगळं वजन अडवत असतो, प्रत्येक पायरीला, आणि गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो, पण धाप लागत नाही ना, म्हणून माणूस थांबत नाही. थकलेला स्नायू मग वजन नीट पेलत नाही, पाय थरथरायला लागतात आणि तिथेच घसरणं होतं. माझ्या ग्रुपमध्ये इतक्या वर्षांत जे पडले ते जवळपास सगळे उतरताना पडले, चढताना पडलेला एकच आठवतो आणि तो मोबाईलवर बोलत होता. त्यात आपलं नागपूर पडलं सपाट. पुण्याच्या लोकांना घराजवळ टेकडी तरी असते, आपण फुटाळा तलावावर चक्कर मारतो नाही तर अंबाझरीकडे जातो, तिथे दम वाढतो पण गुडघ्याला पायरीची सवय होत नाही, आणि बिल्डिंगमध्ये लिफ्ट.

तर आईंसाठी माझा सल्ला: अंबाळ्याहून पायी चढवा, हळू, आणि खाली येताना गाडीत बसवा. दम चांगला आहे म्हणता ना, मग चढ त्यांना झेपेल. बाबांचं नेमकं उलटं आहे. स्टेंट आहे, शुगर आहे, त्यांना चढ लावायचा की नाही हे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचं, मी नाही, तुम्हीही नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाबा गाडीने वर जातील आणि गाडीनेच खाली येतील, आणि त्यात त्यांचं काहीच नुकसान नाही कारण पार्किंगपासून दुकानांच्या मधून ज्या पायऱ्या देवळापर्यंत जातात तेवढंही त्यांच्यासाठी चालणंच आहे, आणि तलाव तर वरूनच बघायचाय.

जायच्या आठ दिवस आधी घरी एक टेस्ट घ्या. तीन मजले जिना चढायचा आणि उतरायचा, असं तीन वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना विचारा काय दुखतंय. मांडी दुखत असेल तर चांगलं आहे, चार दिवसांत जाईल आणि पुढच्या वेळी कमी दुखेल. गुडघ्याच्या आत दुखत असेल, सूज असेल, तर अंबाळ्याचा चढही सध्या सोडा, आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा आणि मग बघा. आणि जिना चढताना आईंना हे शिकवा: वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी. काठी असेल तर ज्या बाजूचा गुडघा दुखतो त्याच्या विरुद्ध हातात. लोक नेमकी दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, सिनेमात तसंच बघितलेलं असतं ना.

आता प्रत्यक्ष वाट. रामटेकचा डोंगर घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे आणि अंबाळा त्या वळणात, पायथ्याशी बसलेला आहे. चारी बाजूंनी दगडी घाट, काठाने लहान-मोठी देवळं, पाण्यात त्यांची सावली. पण एक लक्षात ठेवा, हा पिकनिकचा तलाव नाही. इथे लोक अस्थी विसर्जन करायला, पिंडदान करायला येतात, सकाळी सकाळी एखादं कुटुंब डोकं भादरलेल्या पोराला घेऊन घाटावर बसलेलं दिसेल, ब्राह्मण मंत्र म्हणून राहिला असेल. त्यांच्यासमोर सेल्फी, चिप्सची पाकिटं, ब्लूटूथ स्पीकर हे करू नका. मुलीला आधीच सांगून ठेवा काय दिसणार आहे, मुलांना सांगितलं की समजतं, आपल्यालाच वाटतं की घाबरतील. आणि घाटाच्या खालच्या, पाण्याला लागून असलेल्या पायऱ्यांवर तिला जाऊ देऊ नका, वरून कोरड्या दिसतात आणि खाली शेवाळ असतं, पाय गेला की गेला.

इथून पायऱ्या सुरू. जुन्या, दगडी, रुंद. किती आहेत हे विचारू नका, मी पोट्ट्यांसोबत पाच वेळा मोजल्या आणि पाचही वेळा आकडा वेगळा आला. सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत, काही इतक्या बसक्या की पायरी आहे हेच कळत नाही आणि लगेच पुढची उंच, म्हणून लय बसत नाही, बघूनच पाय टाकावा लागतो. मधला भाग शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालाय, सकाळच्या उन्हात नीट बघितलं तर तेल लावल्यासारखा चमकतो. सगळे मधूनच चालतात कारण तोच भाग साफ दिसतो. तुम्ही कडेने चाला. कडेला दगड खरबरीत आहे, तळव्याला पकड मिळते, फक्त बारीक खडे असतात तेवढे बघायचे. पायरी रुंद असेल तिथे सरळ न चढता थोडं तिरपं, नागमोडी चढायला सांगा आईंना, चढाचा जोर कमी लागतो. आणि वेग असा की चढता चढता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला म्हणजे थांबा. छातीत दाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला, घाम गार लागला तर बसा आणि परत फिरा, "थोडंच राहिलं" हे वाक्य तिथे बोलायचं नाही.

साधारण अर्ध्यात आलात की मागे वळा. बघायची जागा हीच आहे असं माझं मत आहे, लोक पटत नाही म्हणतात पण मी बदलणार नाही. गडाच्या टोकावरून नजारा मोठा आहे, खाली गाव, शेतं, लांबवर खिंडसी तलावाचं पाणी, सगळं दिसतं, पण अंबाळा तिथून फोटोसारखा दिसतो, लहान, गप्प. अर्ध्या वाटेवर तो अजून जवळ असतो, घाटावर कोणी कपडे पिळत असेल तर तेही दिसतं, देवळाची घंटा ऐकू येते, आणि थंडीत पाण्यावर वाफ असली तर ती हळूहळू सरकताना दिसते. आईंना तिथे पंधरा मिनिटं बसवा. पाणी प्या, संत्रं सोला (साल परत पिशवीत, प्लीज). बहुतेक लोक तलावाकडे पाठ ठेवूनच ही जागा पार करतात कारण त्यांना टोक गाठायचं असतं.

या डोंगराला जुनं नाव सिंदूरगिरी, कारण इथला दगड फुटला की आत लालसर निघतो, वाटेत एखादा ताजा तुटलेला दिसला तर मुलीला दाखवा. नागपूर शहराच्या पश्चिमेकडचा जो काळा दगड आपण बघतो, तो ज्वालामुखीच्या लाव्हाचा, हा तसा नाही, इकडचा खडक त्याच्याहून कितीतरी जुना आहे. जवळच मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत त्याही याच जुन्या खडकांमुळे.

वर पोचलात की लगेच राम मंदिरात घुसू नका, आजूबाजूला बघा. इथे नृसिंहाची दोन देवळं आहेत, केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह, आत लाल दगडाची मोठी, बसलेली मूर्ती, साधीच पण अंगावर येणारी. ही वाकाटक राजघराण्याच्या काळातली आहेत, म्हणजे दीड हजार वर्षं झाली, आणि केवल नृसिंहाच्या देवळात त्या काळचा कोरीव लेखसुद्धा सापडलाय. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या वतीने तिनेच राज्य चालवलं, आणि तिचा एक ताम्रपट "रामगिरिस्वामींच्या पायापाशी"हून दिलेला आहे. म्हणजे तेव्हाही लोक इथे देवासाठी चढत होते. राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन, इथून जवळच. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं इतिहास संशोधक महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं, काही अभ्यासक छत्तीसगडचं रामगढ म्हणतात, पण नागपूरच्या माणसाला हे विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. कालिदास स्मारकही डोंगरावरच आहे, बाबांना आवड असेल तर गाडीने होतं.

मग कोटाचे दरवाजे लागतात, वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ. वराहाची दगडी मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून लोक सरपटत निघतात, पापी माणूस अडकतो म्हणतात. तुमची पोरगी हे दहा वेळा करेल. आईंना करू देऊ नका, गुडघ्यावर रांगणं हे दुखऱ्या गुडघ्याला पायरीपेक्षा वाईट. आत्ताचं देऊळ नागपूरच्या भोसल्यांच्या काळात, पहिल्या रघूजींनी पुन्हा उभं केलेलं.

आता वांदरांचं. गडावर काळ्या तोंडाचे वांदर आहेत आणि भल्ले आहेत, भिंतीवर, कमानीवर, दुकानाच्या पत्र्यावर. यांच्यात माझी स्वतःची फजिती झाली आहे म्हणून सांगतो. एका डिसेंबरात मी पन्नास लोकांना "हातात पॉलिथीन धरू नका" असं ओरडून सांगत होतो आणि माझ्याच हातात पॉलिथीन होती, आत फुटाणे आणि, बाप्पा, गाडीची किल्ली. एक हुप्प्या बाजूच्या भिंतीवर बसला होता, माझ्याकडे बघतही नव्हता, शेपटी खाली सोडलेली. मी त्याच्यापासून दोन हातांवर गेलो तसा त्याने फक्त हात लांब केला, ओढलंही नाही फारसं, बोटं इतकी लांब आणि गार, माझ्या मनगटाला लागली ती, आणि पिशवी गेली. वर जाऊन बसला, फुटाणे एकेक करून खाल्ले, किल्ली दाताने चावून बघितली, आवडली नाही, आणि कोटाच्या बाहेरच्या बाजूने खाली टाकली. पोट्टे हसून हसून लोळले. किल्ली सापडायला दोन तास लागले, तेव्हापासून किल्ली खिशाला साखळीने.

तर नियम: प्लास्टिकची पिशवी नाही, हातात खायचं नाही, प्रसादसुद्धा बंद झोळ्यात. त्यांच्या डोळ्यात बघून दात काढून हसायचं नाही, त्यांच्यात दात दाखवणं म्हणजे धमकी. त्याने काही हिसकलं तर सोडून द्या, ओढाताण करू नका, चावा तिथेच बसतो. चावला किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना-तेल काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारायचं. आणि त्यांना खाऊ घालू नका हो, पुण्य वगैरे काही नाही त्यात, मागचा माणूस केळं देतो म्हणूनच पुढच्याच्या हातावर झडप पडते.

बाबांसाठी एक वेगळी गोष्ट आणि ही मी कुठल्याही देवाच्या वाटेवर जाणाऱ्या शुगरवाल्यांना सांगतोच. आपल्याकडे दर्शन होईपर्यंत काही खायचं नाही असा खूप लोकांचा नेम असतो, आणि सकाळची शुगरची गोळी किंवा इन्शुलिन मात्र घेतलेलं असतं. गोळी पोटात आणि पोट रिकामं, वर चालणं, मग अकरा वाजता माणूस घामाघूम होऊन चिडचिड करायला लागतो, हात थरथरतात, घरचे म्हणतात ऊन लागलं. ऊन नसतं ते, साखर खाली गेलेली असते. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबा, फरक नाही तर परत द्या, बरं वाटलं की पोळी-बिस्किट काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. पण मुळात नेमच थोडा सैल करा, रामाला काही वाटत नाही. बीपीची गोळीसुद्धा "आज फिरायला जायचंय" म्हणून चुकवू नका.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि सकाळी. नागपूरहून पहाटे सहाला निघा, कामठी, कन्हान, मनसर आणि मनसरवरून उजवीकडे रामटेक, साधारण पन्नास किलोमीटर आहे. थंडीत कन्हानच्या पुढे धुकं असतं, घाई नका करू. अंबाळ्यावर साडेसात, वर पोचायला पावणेनऊ, म्हणजे आरामात. एसटीही आहे, इतवारीहून रेल्वेही, पण तुमच्या केसमध्ये गाडीच पाहिजे. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास प्रचंड गर्दी असते, जत्रा बघायची असेल तर वेगळं, चालायला ते दिवस नाहीत.

उन्हाळ्यात मी कोणाला नेत नाही. नागपूरचा पारा पंचेचाळीसला जाऊन राहिला असताना दगडी पायऱ्या म्हणजे तवा, आणि लोकांच्या लक्षात येत नाही की देवळात चप्पल काढावी लागते. मार्चच्या शेवटीच बारा वाजता फरशीवर अनवाणी चालून बघा, लोक टणाटणा उड्या मारत सावली गाठतात आणि म्हाताऱ्या माणसांना उड्या मारता येत नाहीत, शुगरवाल्यांच्या तळव्याला तर आधीच संवेदना कमी, फोड आल्यावरच कळतं. म्हणून जाड सुती मोजे झोळ्यात ठेवा, बाबांसाठी थंडीतही. खिशात कांदा ठेवल्याने काही होत नाही, तो कांदा घरी भाजीत घाला आणि ओआरएसची दोन पाकिटं ठेवा.

पावसाळ्यात डोंगर सगळ्यात सुंदर, हिरवागार, अंबाळा भरलेला, आणि पायऱ्या सगळ्यात वाईट. ऑगस्टनंतर कडेचा खरबरीत भागही शेवाळतो. आणि विदर्भात वीज पडणं ही नेहमीची गोष्ट आहे, उघड्या डोंगरमाथ्यावर उभं राहून ढगांचे फोटो काढायचे नाहीत. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते एवढं धरून चाला, माथा सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या बांधकामात थांबा. दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं, ते मोबाईलमध्ये असू द्या.

बुटांचं विचारलं नाही तुम्ही पण सांगतो. महागडे ट्रेकिंग शूज नकोत, रबरी तळ नरम असलेले साधे स्पोर्ट्स शूज पुरतात, फक्त तळव्याची नक्षी झिजलेली नको. नवे बूट घालून येऊ नका. क्रॉक्स नको, सॅंडलला मागे पट्टा नसेल तर तेही नको. साडीपेक्षा सलवार-कुर्ता बरा, आई ऐकत नसतील तर साडी घोट्याच्या चार बोटं वर नेसायला सांगा.

आता जिन्याची टेस्ट आई नापास झाल्या तर? मग मनसर. हायवेपासून जवळच, हिडिंबा टेकडी म्हणतात तिला. बुटकी टेकडी, बाजूला तलाव, वर वाकाटकांच्या काळातलं विटांचं मोठं बांधकाम, प्रवरेश्वराचं मंदिर मानतात ते. इथे उत्खनन झालं १९९८ पासून, आणि त्याआधी १९७२ मध्ये इथली शिवाची एक मूर्ती सापडली होती ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, गुडघा मुडपून बसलेला, गोबरा, हसरा शंकर, फोटो बघाच. चढ रामटेकच्या मानाने काहीच नाही आणि मधेच थांबलात तरी तलाव दिसतो. वांदरांचा त्रास कमी, गर्दी नाही. पण सावलीही नाही, पाणी नाही, दुकान नाही, त्यामुळे ऊन तापायच्या आत आटपायचं. विटांवर चढायचं नाही, एकही वीट किंवा खापर उचलून आणायचं नाही, संरक्षित जागा आहे ती. मला विचाराल तर मुलीला दोन्ही दाखवा, येताना मनसरला अर्धा तास थांबा, ऊन कोवळं असेल तरच.

परत येताना रामटेकमध्ये हंगाम असेल तर उकडलेले शिंगाडे मिळतात, काळे, टोकदार, गरम. ते गाडीत बसल्यावरच उघडा, काच वर करून, मागचा हुप्प्या आठवा.

राहिला तुमच्या नवऱ्याचा प्रश्न. या प्लॅनमध्ये तो तुम्हाला अंबाळ्यावर सोडून बाबांना घेऊन वर जाणार, म्हणजे त्याला चालायलाच मिळणार नाही, आणि परत येताना रुसणार. तर असं करा: दर्शन झालं की गाडी तुम्ही चालवा, आई-बाबांना घेऊन खाली अंबाळ्यावर या, आणि तो पायऱ्यांनी एकटा उतरू दे. पोरगी त्याच्यासोबत जायचा हट्ट करेल. हात धरून कडेने उतरणार असेल तर जाऊ द्या, पळणार असेल तर गाडीत.